विंडोज, मॅक, लिनक्स: इंटरफेस बदलले तेव्हा हाताची सवय कुठे मोडली आणि ती परत कशी जुळवायची?

गवाक्ष (धागाकर्ता)

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. त्यामुळे धडधाकट चालणारी कितीतरी यंत्रे अडली आहेत आणि ‘मॅक घेऊ की लिनक्स टाकू’ हा प्रश्न सगळीकडे चालू आहे. उत्तरे येतात ती वेग, किंमत आणि व्हायरस यांवर. माझे म्हणणे वेगळे आहे. नव्या सिस्टिमवर माणूस अडतो तो हाताच्या सवयीमुळे. रंग, सावल्या, गोल कोपरे यांची सवय चार दिवसांत होते. बटणाची जागा बदलली की मात्र हात महिनोन्‌महिने जुन्या जागीच जात राहतो. तेव्हा कुठल्या आवृत्तीने कुठली जागा हलवली आणि ती परत कशी आणायची, हे इथे नीट गोळा करू या. सुरुवात विंडोजपासून करतो.

विंडोज ३.० (१९९०) आणि ३.१ मध्ये स्टार्ट बटण नव्हतेच. प्रोग्रॅम मॅनेजर नावाच्या खिडकीत आयकॉनचे गट असत. एखादी खिडकी मिनिमाइझ केली की तिचा आयकॉन डेस्कटॉपच्या तळाशी जाऊन बसे आणि दुसऱ्या खिडकीखाली झाकला जाई. प्रोग्रॅम चालू आहे हेच लक्षात राहत नसे. २४ ऑगस्ट १९९५ ला आलेल्या विंडोज ९५ ने त्यावर टास्कबार आणला: कायम दिसणारी पट्टी आणि तिच्यात प्रत्येक उघड्या खिडकीचे बटण. त्याच आवृत्तीत बंद करायची फुली उजव्या टोकाला आली. ३.१ मध्ये त्या टोकाला मॅक्झिमाइझ होते आणि बंद करायला डाव्या कोपऱ्यातल्या चौकोनावर डबल क्लिक करायचा. म्हणून मोठी करायला गेलेली खिडकी बंद होऊ लागली. डाव्या कोपऱ्यातला तो डबल क्लिक रेजिस्ट्री एडिटरसारख्या (विंडोजची आतली सेटिंग्ज बदलायचे साधन) जुन्या धाटणीच्या खिडक्यांत आजही चालतो.

जागेचे महत्त्व मोजून दाखवले ते पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने, १९५४ साली. लक्ष्य जितके लहान आणि लांब, तितका ते गाठायला वेळ जास्त. स्क्रीनची कड मात्र वेगळी. तिथे माउस कितीही जोरात ढकलला तरी कर्सर पुढे जात नाही, म्हणून कडेला चिकटलेले बटण न बघताही सापडते. विंडोज ९५ मध्ये स्टार्ट बटण आणि स्क्रीनची कड यांत एकदोन पिक्सेलची फट राहिली होती. अगदी कोपऱ्यात क्लिक केला तर काहीच होत नसे. पुढच्या आवृत्त्यांत ती फट बुजवली.

आता विंडोज ११ बघा (५ ऑक्टोबर २०२१). आयकॉन मध्यभागी आहेत, आणि पूर्ण गटच मध्यभागी ठेवायचा म्हणून जितकी ॲप्स उघडाल तितके स्टार्ट बटण डावीकडे सरकते. सकाळी ते एका जागी, दुपारी दुसऱ्या. कोपऱ्याचा फायदा गेला आणि स्थिर जागाही गेली. उपाय: सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, टास्कबार बिहेवियर्स, तिथे अलाइनमेंट ‘लेफ्ट’. नवीन यंत्रावर पहिले काम हेच करावे. त्याच पानावर एकाच ॲपच्या खिडक्यांची बटणे एकत्र न करण्याचा पर्याय आहे. तो मूळ ११ मध्ये काढला होता, २३एच२ आवृत्तीत परत आला. तेव्हा अपडेट केलेले नसेल तर दिसणार नाही.

राइट क्लिकचा मेनू हा दुसरा घाव. कट, कॉपी, पेस्ट हे शब्द जाऊन वरच्या पट्टीत छोटी चित्रे आली, आणि ती पट्टी क्लिक कुठे केला त्यानुसार कधी वर कधी खाली दिसते. नंतरच्या २४एच२ मध्ये चित्रांखाली शब्द आले. जुना पूर्ण मेनू हवा तर शिफ्ट दाबून राइट क्लिक करा. रेजिस्ट्रीत हात घालायची गरज नाही.

विंडोज ८ बद्दल (२६ ऑक्टोबर २०१२) थोडक्यात: स्टार्ट बटण काढले आणि सगळे अदृश्य कोपऱ्यांत लपवले. यंत्र बंद करायला उजव्या कोपऱ्यात कर्सर न्या, पट्टी येईल, सेटिंग्ज, पॉवर, मग शट डाउन. विंडोज ७ मध्ये हे दोन क्लिकचे काम होते. शेजारी दुसरा मॉनिटर असेल तर कर्सर कोपऱ्यात थांबण्याऐवजी पलीकडे घसरायचा. टचस्क्रीनसाठी ती मांडणी बरी होती, माउससाठी नव्हती. पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये बटण परत आले.

मेनूकार

उत्तम सुरुवात. कडेचा फायदा सगळ्यांत जास्त कोणी उचलला असेल तर मॅकने. २४ जानेवारी १९८४ पासून मेनूची पट्टी स्क्रीनच्या वरच्या कडेला चिकटलेली आहे. विंडोजमध्ये ती प्रत्येक खिडकीत वेगळी. मॅकमध्ये कर्सर वर ढकलला की मेनू हाताशी आलाच. चाळीस वर्षांत इतके काही बदलले, पण ही जागा हलली नाही. मॅक सोपा वाटतो त्याचे मोठे श्रेय मी या स्थिरतेला देईन.

विंडोजमधून येणाऱ्याचा हात कुठे कुठे अडतो ते सांगतो.

लाल बटणाने खिडकी बंद होते, प्रोग्रॅम नाही. तो मागे चालू राहतो. पूर्ण बंद करायला कमांड-क्यू. हिरव्या बटणाने २०१४ च्या योसेमिटी आवृत्तीपासून खिडकी पूर्ण स्क्रीन व्यापते आणि मेनूची पट्टीही गायब होते. पूर्वीसारखी फक्त मोठी करायची तर ऑप्शन दाबून हिरव्यावर क्लिक.

कमांड-टॅब प्रोग्रॅम बदलतो, खिडकी नाही. एकाच प्रोग्रॅमच्या दोन खिडक्यांत जायचे तर कमांड आणि टॅबच्या वरची कळ. होम आणि एंड कळा ओळीच्या टोकाला न जाता दस्तऐवजाच्या टोकाला नेतात. ओळीसाठी कमांड-डावा बाण, कमांड-उजवा बाण. विंडोजचा कीबोर्ड जोडला असेल तर ऑप्शन आणि कमांड यांच्या जागा उलट होतात. सेटिंग्ज, कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट्स, मॉडिफायर कीज इथे जाऊन त्या कीबोर्डपुरत्या दोन्ही कळा अदलाबदल करा.

फाइंडरमध्ये (मॅकचा फाइल बघायचा प्रोग्रॅम) एंटर दाबले तर फाइल उघडत नाही, तिचे नाव बदलायला घेते. उघडायला कमांड-ओ. फाइल कट करण्यासाठी कमांड-एक्स चालत नाही. कमांड-सी करायचे आणि पेस्ट करताना कमांड-ऑप्शन-व्ही, म्हणजे ती हलते.

आणि हे मात्र लाल अक्षरांत लिहून ठेवा. एकाच नावाचा फोल्डर दुसऱ्यावर टाकला तर विंडोज दोन्हींतल्या फाइल एकत्र करते. मॅकमध्ये ‘रिप्लेस’ दाबले की तिथला जुना फोल्डर जातो आणि त्याच्या जागी नवा बसतो. जुन्यात असलेल्या आणि नव्यात नसलेल्या फाइल गेल्या. समजा ‘बिले’ नावाच्या फोल्डरात बारा महिन्यांची बिले आहेत आणि पेनड्राइव्हवरच्या ‘बिले’ फोल्डरात फक्त मार्चची. ओढून टाकले, रिप्लेस दाबले, की अकरा महिने साफ. अशा वेळी फोल्डर ओढू नका. आत जा, फाइल निवडा आणि त्या टाका.

दिसण्यातले बदल पुष्कळ झाले: २००१ चे चकचकीत ॲक्वा, २०१४ ला सपाट, २०२० च्या बिग सरमध्ये गोल कोपरे, २०२५ च्या टाहोमध्ये काचेसारखे लिक्विड ग्लास. टाहोमध्ये मागचे चित्र गिचमिड असेल तर वरची अक्षरे वाचताना डोळ्यांना ताण पडतो. ॲक्सेसिबिलिटी, डिस्प्ले, ‘रिड्यूस ट्रान्सपरन्सी’ चालू करा. पण खरा घाव दोनच. एक, २०११ च्या लायनने स्क्रोलची दिशा उलटी केली आणि स्क्रोलबार लपवले. दोन, २०२२ च्या व्हेंचुरामध्ये सिस्टिम प्रेफरन्सेसची वीस वर्षांची आयकॉनची पाटी जाऊन फोनसारखी लांबलचक यादी आली. ती यादी शोधत बसू नये, वरच्या सर्चमध्ये नाव टाइप करावे. स्क्रोलच्या दिशेबद्दल एक गोष्ट ध्यानात घ्या. ट्रॅकपॅड आणि माउस यांच्या पानांवर हा पर्याय वेगवेगळा दिसतो, पण एकीकडे बदलला की दुसरीकडेही बदलतो.

तळपट्टी

@मेनूकार, लपलेल्या स्क्रोलबारची साथ सगळीकडे पसरली आहे. यादी खाली आणखी आहे हेच कळत नाही आणि माणूस ‘पर्याय नाही’ म्हणून परत फिरतो. तिन्हीकडचे उपाय असे.

मॅक: सेटिंग्ज, अपिअरन्स, ‘शो स्क्रोल बार्स’ मध्ये ‘ऑल्वेज’.
विंडोज ११: सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, व्हिज्युअल इफेक्ट्स, ‘ऑल्वेज शो स्क्रोलबार्स’. पारदर्शकता आणि ॲनिमेशनही याच पानावर बंद होतात.
ग्नोम (लिनक्सचा एक डेस्कटॉप): सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, सीइंग, ‘ऑल्वेज शो स्क्रोलबार्स’.

वयस्कर माणसाला यंत्र देण्याआधी ही खूण करूनच द्यावी.

कर्नलकाका

लिनक्सची बाजू मांडतो. इथे कर्नल (सिस्टिमचा आतला गाभा) एक, पण डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची मांडणी, अनेक. ‘लिनक्स अवघड आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे. कुठला डेस्कटॉप, ते आधी सांगा.

२०११ चा एप्रिल महिना लिनक्सच्या इतिहासात जड गेला. ग्नोम ३ आले आणि उबुंटू या लोकप्रिय लिनक्सच्या ११.०४ आवृत्तीने युनिटी हा स्वतःचा डेस्कटॉप पुढे केला, दोन्ही एकाच महिन्यात. त्याआधी २००२ पासून ग्नोम २ शांतपणे चालू होते: वर एक पट्टी, खाली एक, डावीकडे ॲप्लिकेशन्सचा मेनू. ग्नोम ३ ने खालची पट्टी काढली, मिनिमाइझ बटण काढले, डेस्कटॉपवरचे आयकॉन काढले. कल्पना अशी की खिडक्या लपवायच्याच नाहीत, वेगवेगळ्या वर्कस्पेसवर (स्वतंत्र आभासी पडद्यांवर) पसरायच्या आणि सुपर कळ (म्हणजे विंडोजची कळ) दाबून सगळे एकदम बघायचे. कळफलकावर हात असलेल्याला ही पद्धत खरोखर वेगवान आहे. माउसवाल्याला नाही. युनिटीने बटणांची पट्टी डाव्या कडेला नेली, त्यामागे विचार होता. लॅपटॉपचे पडदे रुंद झाले होते आणि उंची कमी पडत होती. उबुंटूने २०१७ च्या १७.१० मध्ये युनिटी सोडली, पण डावीकडची पट्टी ग्नोमवरही ठेवली. वापरणाऱ्यांची सवय जपली, हे मला फार मोलाचे वाटते.

ज्यांना जुनी मांडणी सोडायची नव्हती त्यांनी ग्नोम २ चा कोड उचलून माटे उभे केले, आणि मिंट या लिनक्सवाल्यांनी ग्नोम ३ च्या पायावर सिनॅमन. विंडोज ७ किंवा १० वरून येणाऱ्याला मी डोळे मिटून सिनॅमन देतो. डावीकडे खाली मेनू, पट्टी खाली, घड्याळ उजवीकडे, फुली उजवीकडे. ऑल्ट-टॅब खिडक्या बदलतो. शिकायला जवळजवळ काही उरत नाही.

फेडोरा या लिनक्ससारखे मूळ ग्नोम वापरणार असाल तर तीन गोष्टी करा. ट्वीक्स ॲप टाकून मिनिमाइझ आणि मॅक्झिमाइझ चालू करा. सेटिंग्ज, कीबोर्ड, शॉर्टकट्स, नॅव्हिगेशन इथे ‘स्विच विंडोज’ ला ऑल्ट-टॅब द्या, कारण मूळ ग्नोममध्ये तो मॅकसारखा ॲप बदलतो. आणि एक्स्टेन्शन (डेस्कटॉपला जोडायचे छोटे जादा प्रोग्रॅम) कमीत कमी ठेवा. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि एक्स्टेन्शन तिच्या आतल्या कोडला चिकटलेली असतात. ग्नोम ४५ मध्ये (सप्टेंबर २०२३) आतली रचना अशी बदलली की सगळ्या एक्स्टेन्शनमध्ये बदल करावे लागले. ज्यांचा डेस्कटॉप दहा एक्स्टेन्शनवर उभा होता त्यांचा अपडेटनंतर पुरता विस्कटला.

केडीई प्लाझ्मा या आणखी एका डेस्कटॉपमध्ये सगळे बदलता येते, आणि तेच त्याचे दुखणे. पट्टी चुकून उडाली तर घाबरू नका. डेस्कटॉपवर राइट क्लिक, एडिट मोड, ‘ॲड पॅनेल’, त्यात डीफॉल्ट पॅनेल. मूळ पट्टी परत येते. प्लाझ्मा ६ मध्ये (फेब्रुवारी २०२४) फाइल उघडायला डबल क्लिक हे मूळ सेटिंग झाले. आधी एका क्लिकने उघडायची आणि विंडोजवाले एकेक फाइल दोनदा उघडत बसायचे.

अक्षरजुळारी

या सगळ्यात मराठीचे काय, ते मी घेतो. देवनागरी युनिकोड विंडोजमध्ये विंडोज २००० पासून आहे, मंगल फॉन्टसह. एक्सपीत मात्र ती मुळात बंद असे. रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स मध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करावी लागे आणि ती केली की एक्सपीची सीडी मागत असे. सीडी नसली की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडलेली, जोडाक्षरे सुटी आणि हलन्त उघडे, असा मजकूर दिसायचा. मराठी लोकांनी युनिकोड नसलेले जुने श्रीलिपी, शिवाजी असे फॉन्ट सोडायला इतका उशीर का केला, त्याचे एक कारण इथे आहे. व्हिस्टापासून ही कटकट गेली.

विंडोज ११ मध्ये: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, ‘ॲड अ लँग्वेज’, मराठी. ‘सेट ॲज माय विंडोज डिस्प्ले लँग्वेज’ ही खूण असेल तर काढा, नाहीतर सगळे मेनू मराठीत जातील. मग मराठीसमोरच्या तीन टिंबांत लँग्वेज ऑप्शन्स, तिथे कीबोर्ड जोडा. मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिपींचा प्रमाण कळफलक) मिळतोच. रोमनवरून टाइप करायची सवय असेल तर मराठी फोनेटिकही आहे, तो विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून आला.

भाषा बदलायची कळ तिन्हीकडे सारखी नाही. विंडोजमध्ये विंडोज-स्पेस, ग्नोममध्ये सुपर-स्पेस, म्हणजे कळ तीच. मॅकमध्ये कंट्रोल-स्पेस, कारण कमांड-स्पेस स्पॉटलाइट या मॅकच्या शोधाने घेतली आहे.

इनस्क्रिप्टची मोठी जमेची बाजू म्हणजे तो तिन्ही सिस्टिमवर जवळपास सारखा आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या: ओ, जी, एम, शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई. यातल्या शिफ्ट-जे ने नुक्त्याचा ऱ येतो, आणि डी ने त्याचा पाय मोडला की आडवा र मिळतो. नुसते जे दाबलेत तर रफार पडतो आणि ‘दुसर्या’ होते. ज्याने इनस्क्रिप्ट शिकून घेतला त्याला सिस्टिम बदलली तरी टायपिंग नव्याने शिकावे लागत नाही. गवाक्षांनी मांडलेल्या मुद्द्याचे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

लिनक्सवर कीबोर्डच्या यादीत ‘इंडियन’ खाली ‘मराठी, एनहान्स्ड इनस्क्रिप्ट’ आणि कागपा नावाचा फोनेटिक असे दोन सापडतील. इंग्रजी लेआउट यादीत पहिला ठेवा. नाहीतर मराठी चालू असताना काही प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही चालत नाहीत. प्लाझ्मा वेलँडवर (वेलँड म्हणजे लिनक्सवर खिडक्या पडद्यावर दाखवायची नवी पद्धत) फसिटिक्स ५ हे टायपिंगचे साधन वापरत असाल तर ते नुसते टाकून भागत नाही. सिस्टिम सेटिंग्जमध्ये व्हर्च्युअल कीबोर्डच्या पानावर ते निवडावे लागते.

शेवटचा मुद्दा उंचीचा. नवे इंटरफेस रोमन अक्षरांच्या मापाने कातलेले असतात. ‘सर्वांनी’ मधला रफार आणि अनुस्वार एकावर एक येतात, ‘शत्रू’ चा उकार खाली लोंबतो. पट्टी अरुंद असली की वरचे टिंब कापले जाते आणि ‘सर्वांनी’ चे ‘सर्वानी’ दिसते. १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर जोडाक्षरांचा काळा ठिपका होतो. स्केल १२५ टक्के करा, किंवा ॲक्सेसिबिलिटी, टेक्स्ट साइज मध्ये नुसती अक्षरे वाढवा. विंडोज ८ पासून आलेला निर्मला यूआय या कामाला मंगलपेक्षा बरा आहे.

तळपट्टी

रूप बदलण्यामागचे एक तांत्रिक कारण राहिले. एक्सपीपर्यंत प्रत्येक प्रोग्रॅम थेट पडद्यावर रंगवत असे. वरची खिडकी हलली की खालच्या प्रोग्रॅमला ‘तुझा भाग पुन्हा रंगव’ असा निरोप जाई. तो प्रोग्रॅम अडकलेला असेल तर रंगवणार कोण? म्हणून खिडकी ओढली की तिच्या शेपटासारख्या प्रती पडद्यावर उमटत राहायच्या. मॅकने २००१ मध्ये आणि विंडोजने व्हिस्टात पद्धत बदलली. प्रत्येक खिडकी मेमरीत स्वतंत्र रंगवायची आणि सिस्टिमने ती चित्रे एकावर एक रचून पडद्यावर द्यायची. शेपट्या गेल्या, लघुचित्रे आणि पारदर्शकता शक्य झाली. किंमत म्हणजे ग्राफिक्सचा भार. इंटेल ९१५ चिपसेटच्या यंत्रांवर व्हिस्टाचे काचेचे रूप चाललेच नाही.

वेलँड हे लिनक्सवरचे याच दिशेचे पुढचे पाऊल. एका प्रोग्रॅमला दुसऱ्याची खिडकी वाचता येत नाही. सुरक्षेसाठी चांगले, पण जुनी स्क्रीन शेअरिंग आणि रिमोट डेस्कटॉपची साधने काळा पडदा दाखवतात ती यामुळे. नवीन आवृत्तीचे साधन वापरा, किंवा लॉगिनच्या पानावर एक्स११ (वेलँडआधीची जुनी पद्धत) सेशन मिळत असेल तर ते निवडा.

नवखी

माहितीपूर्ण धागा, वाचनखूण साठवली. गावातल्या वाचनालयासाठी विचारते आहे. ४ जीबी रॅमचे, विंडोज ११ न चालणारे यंत्र. दिवसभर वेगवेगळी मुले बसणार, मराठी टायपिंग आणि इंटरनेट एवढाच वापर. कोणीतरी पट्टी हलवणार, काहीतरी पुसणार हे गृहीत. काय टाकावे?

कर्नलकाका

@नवखी ताई, मिंटची एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) आवृत्ती टाका. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. आधी त्यावरून लाइव्ह चालवून वायफाय, आवाज आणि प्रिंटर बघा, पटले तरच डिस्कवर बसवा. वाचनालयाचा हिशेब टॅलीत असेल किंवा डिजिटल सहीचे डोंगल लागत असेल तर त्या कामाला वेगळे विंडोज यंत्र ठेवा. टॅली विंडोजसाठीच आहे, आणि डोंगलचा ड्रायव्हर लिनक्सवर चालेलच असे नाही.

बसवल्यावर पट्टीवर राइट क्लिक, पॅनेल प्रेफरन्सेस, ‘लॉक पॅनेल’. पट्टी जागेवरून हलणार नाही. मग ‘लॉगिन विंडो’ या सेटिंगमध्ये ‘अलाऊ गेस्ट सेशन्स’ चालू करा. मुलांनी पाहुणे म्हणून आत यायचे. लॉगआउट केले की त्यांनी बदललेले आणि ठेवलेले सगळे पुसले जाते, पुढच्या मुलाला डेस्कटॉप कोरा मिळतो. याची पाटी यंत्रापाशी लावा, नाहीतर कोणाचा तरी निबंध जाईल. फाइल पेनड्राइव्हवर किंवा स्वतःच्या ईमेलवर ठेवायची.

रॅमबद्दल स्पष्ट सांगतो: एक्सएफसीई स्वतः कमी घेते, पण ब्राउझर सगळीकडे तेवढीच खातो. पाचसहा टॅबपुढे यंत्र रडकुंडीला येईल. जागा रिकामी असेल तर आणखी ४ जीबी रॅमची पट्टी बसवा, आणि फिरती हार्डडिस्क असेल तर आधी एसएसडी.

अक्षरजुळारी

एक भर. पाहुण्याचे सेशन दरवेळी कोरे उघडते, म्हणून मराठी कीबोर्ड तुमच्या खात्यात जोडून उपयोग नाही, तो पाहुण्याला मिळणार नाही. कीबोर्ड पूर्ण सिस्टिमसाठी जोडावा लागतो. प्रशासकाचा पासवर्ड वापरून सिस्टिमच्या कीबोर्ड फाइलमध्ये लेआउटच्या ओळीत इंग्रजीपुढे स्वल्पविराम देऊन ‘इन’ (in), आणि व्हेरियंटच्या ओळीत सुरुवातीला स्वल्पविराम देऊन मराठीचे नाव. दोन्ही ओळींतले स्वल्पविराम जुळले नाहीत तर लेआउट येत नाही, बहुतेक वेळा चूक तिथेच असते. बदलायची कळ ऑल्ट-शिफ्ट ठेवा, विंडोजवर शिकलेल्या मुलांना तीच माहीत असते. यंत्र पुन्हा सुरू करून पाहुणा म्हणून आत जा आणि ‘दुसऱ्या’ टाइप करून बघा.